इव्हेंट इंटरफेस कसा घोषित करावा आणि लिसनरची नोंदणी कशी सांभाळावी : मागाच्या उदाहरणासह

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत चादरी आणि टेरी टॉवेल विणणारे कारखाने आहेत. अशा एखाद्या कारखान्यासाठी मागांवर लक्ष ठेवणारे सॉफ्टवेअर लिहायचे ठरले, तर सुरुवातीलाच एक प्रश्न उभा राहतो: ताण्याचा (उभा) धागा तुटून माग थांबला, ही बातमी कोणाकोणाला आणि कोणत्या वाटेने पोहोचवायची? विणकराजवळचा दिवा लागला पाहिजे, मुकादमाच्या खोलीतल्या पडद्यावर त्या मागाचा चौकोन लाल झाला पाहिजे, पाळीच्या अहवालात थांबल्याची वेळ चढली पाहिजे, आणि उद्या मालकाने मोबाइलवर संदेश मागितला तर तोही जोडता आला पाहिजे. मागाचे कंपोनंट, म्हणजे मागाचे काम पाहणारा सॉफ्टवेअरचा स्वतंत्र भाग, लिहिणाऱ्याने या सगळ्यांची नावे थेट आपल्या कोडमध्ये घातली, तर नवा कोणी आला की तेच कोड पुन्हा उघडावे लागते, पुन्हा तपासावे लागते आणि चालू कारखान्यात पुन्हा बसवावे लागते.

इव्हेंट इंटरफेस म्हणजे घटना कळवण्यासाठीच्या मेथडची जाहीर केलेली यादी; तिच्यामुळे ही गुंतागुंत सुटते. मागाचे कंपोनंट फक्त एवढेच जाहीर करते की आपल्याकडे अमुक घटना घडतात, ज्याला त्या ऐकायच्या असतील त्याने हा इंटरफेस इम्प्लिमेंट करावा, म्हणजे त्यातील मेथड स्वतः लिहाव्यात, आणि आपल्याकडे नाव नोंदवावे. ऐकणारा कोण आहे, दिवा आहे की अहवाल, हे मागाला कधीही कळू नये. या व्यवस्थेची पहिली बाजू, म्हणजे घोषणा आणि नोंदणी, बहुतेक जण नीट लिहितात; दुसरी बाजू, म्हणजे नोंद वेळेवर काढून टाकणे, हीच खरी परीक्षा असते, आणि म्हणून पुढील मजकुरात तिला अधिक जागा दिली आहे.

उदाहरणे जावातील जावाबीन्स पद्धतीची, म्हणजे कंपोनंट लिहिण्याच्या ठरीव संकेतांप्रमाणे, घेतली आहेत. जावा १.० मध्ये इव्हेंट हाताळण्यासाठी कंपोनंटचा सबक्लास करून त्यातील मेथड ओव्हरराइड कराव्या लागत. १९९७ मध्ये आलेल्या जावा १.१ ने ही पद्धत मागे टाकून सोर्स (बातमी देणारा) आणि लिसनर (ती ऐकणारा) वेगळे केले, आणि नावे देण्याचे जे नियम तेव्हा ठरले ते आजही बहुतांश तसेच पाळले जातात. कोडमधील नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये लिहिताना कीवर्ड आणि नावे मूळ रोमन लिपीत लिहावीत.

आधी घटना ठरवावी

इंटरफेस लिहिण्याआधी कागदावर घटनांची यादी करावी आणि प्रत्येक घटना भूतकाळी वाक्यात लिहून पाहावी: ताण्याचा धागा तुटला, बाणा (आडवा धागा) संपला, माग थांबला, माग सुरू झाला. वाक्य आज्ञार्थी होत असेल, उदाहरणार्थ 'दिवा लाव' किंवा 'पडदा लाल कर', तर ती घटना नसून हुकूम आहे, आणि तसे नाव दिले की सोर्सला नकळत लिसनरचे काम ठाऊक होते. मला ही चाळणी फार उपयोगी वाटते, कारण चुकीची रचना येथेच, एकही ओळ लिहिण्याआधी, हाती लागते.

त्यानंतर घटनेसोबत काय माहिती जाईल ते ठरवावे. जावामध्ये यासाठी 'जावा डॉट युटिल' पॅकेजमधील इव्हेंटऑब्जेक्ट या क्लासचा विस्तार करतात. त्याच्या कन्स्ट्रक्टरला सोर्स द्यावाच लागतो. नल (रिकामे मूल्य) दिला तर इल्लीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन मिळते. आपल्या लूमइव्हेंट या क्लासमध्ये मागाचा क्रमांक, घटना घडल्याची वेळ आणि कारण एवढी क्षेत्रे पुरेशी आहेत. ही सर्व क्षेत्रे फायनल ठेवावीत आणि बदलणारी एकही मेथड देऊ नये, कारण एकच ऑब्जेक्ट सर्व लिसनरांच्या हातून फिरणार असते. पहिल्याने त्यात फेरफार केला, तर दुसऱ्याला खोटी बातमी मिळते. वेळ घटना घडली त्या क्षणीच टिपावी. अहवालाने ती आपल्या मेथडमध्ये येऊन टिपली, तर आधीच्या लिसनरने घेतलेला उशीर मागाच्या थांबण्यात धरला जातो आणि पाळीचा हिशेब चुकतो.

इव्हेंटऑब्जेक्टमधील सोर्स हे क्षेत्र ट्रान्झियंट, म्हणजे सीरिअलाइझ करताना (ऑब्जेक्ट बाइटमध्ये बदलताना) वगळले जाणारे, आहे, हेही ध्यानात ठेवावे. इव्हेंट सीरिअलाइझ करून दुसऱ्या यंत्रावर पाठवला, तर तेथे सोर्स सापडत नाही. म्हणूनच मागाचा क्रमांक स्वतंत्र क्षेत्रात ठेवणे इष्ट.

इंटरफेसची घोषणा

लिसनरचा इंटरफेस 'जावा डॉट युटिल'मधील इव्हेंटलिसनर या इंटरफेसचा विस्तार करतो. त्या मूळ इंटरफेसमध्ये एकही मेथड नाही. तो केवळ ओळखीची खूण आहे, पण कंपोनंट वाचणारी साधने ती खूण पाहतात, म्हणून ती गाळू नये.

पब्लिक इंटरफेस लूमलिसनर एक्स्टेंड्स इव्हेंटलिसनर {
    व्हॉइड वार्पब्रोकन(लूमइव्हेंट ई);
    व्हॉइड लूमस्टॉप्ड(लूमइव्हेंट ई);
    व्हॉइड लूमस्टार्टेड(लूमइव्हेंट ई);
}

प्रत्येक मेथड एकच इव्हेंट घेते आणि काहीही परत करत नाही. परत येणारे मूल्य ठेवण्याचा मोह आवरावा. पाच लिसनरांपैकी तिघांनी हो आणि दोघांनी नाही म्हटले, तर सोर्सने कोणाचे ऐकायचे? बदल रोखण्याचा अधिकार खरोखरच द्यायचा असेल, तर जावाबीन्समध्ये त्यासाठी व्हेटोएबलचेंजलिसनर हा वेगळा इंटरफेस आहे आणि तेथे नकार प्रॉपर्टीव्हेटोएक्सेप्शन टाकून कळवला जातो. बातमी आणि परवानगी या दोन गोष्टी एका मेथडमध्ये एकत्र करू नयेत.

एका इंटरफेसमध्ये किती मेथड असाव्यात, याचे उत्तर घटनांच्या वारंवारतेत शोधावे. मागाची प्रत्येक पिक (बाण्याची एक फेरी) मोजून कळवायची असेल, तर मिनिटाला शंभराहून अधिक इव्हेंट येऊ शकतात, तर धागा तुटण्याची घटना त्या मानाने क्वचित घडते. दोन्ही एका इंटरफेसमध्ये घातल्या, तर फक्त धाग्याकडे लक्ष असलेल्या दिव्याला प्रत्येक पिकचा मारा विनाकारण सोसावा लागतो. एडब्ल्यूटी या जावाच्या पडदे बनवण्याच्या लायब्ररीमध्ये माउसलिसनर आणि माउसमोशनलिसनर हे दोन इंटरफेस वेगळे ठेवले आहेत, ते याच विचाराने: बटण दाबल्याची बातमी हवी असलेल्याला माउसच्या प्रत्येक हालचालीचा भुर्दंड पडू नये. आपणही पिकलिसनर वेगळा ठेवावा.

माउसलिसनरमध्ये पाच मेथड आहेत आणि ज्याला त्यांपैकी एकच हवी त्यालाही पूर्वी उरलेल्या चार रिकाम्या लिहाव्या लागत. ते टाळण्यासाठी माउसअडॅप्टर हा क्लास दिला गेला. २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ पासून इंटरफेसमध्येच डिफॉल्ट मेथड लिहिता येते, त्यामुळे अडॅप्टरची गरज कमी झाली आहे. मात्र लॅम्डा (जागेवरच लिहिलेले निनावी फंक्शन) वापरता यावा असे वाटत असेल, तर इंटरफेसमध्ये डिफॉल्ट नसलेली मेथड नेमकी एकच हवी. डिफॉल्ट मेथडचा आणखी एक मोठा उपयोग म्हणजे प्रसिद्ध झालेल्या इंटरफेसमध्ये पुढे भर घालणे. 'बाणा संपला' ही मेथड दोन वर्षांनी साधी म्हणून जोडली, तर आधी लिहिलेला एकही लिसनर नव्याने कंपाइल होणार नाही. रिकामी डिफॉल्ट मेथड म्हणून जोडली, तर जुने लिसनर जसेच्या तसे चालत राहतात.

नोंदणीची जोडी

सोर्सच्या क्लासमध्ये दोन पब्लिक मेथड लिहाव्यात:

पब्लिक व्हॉइड ॲडलूमलिसनर(लूमलिसनर एल)
पब्लिक व्हॉइड रिमूव्हलूमलिसनर(लूमलिसनर एल)

नावातील मधला भाग आणि आर्ग्युमेंटचा प्रकार हुबेहूब जुळला पाहिजे, कारण इंट्रोस्पेक्टर हा क्लास याच नावांवरून कंपोनंट कोणते इव्हेंट देते ते ओळखतो. जोडीतली रिमूव्ह मेथड राहून गेली, तर ॲड मेथड असूनही इव्हेंटची ओळख पटत नाही. हा नियम मला फार योग्य वाटतो: ज्या सोर्सकडून बाहेर पडता येत नाही, तेथे नोंदणीची सोय आहे असे साधनाने मानूच नये.

एकाच वेळी एकच लिसनर चालेल असे सोर्स क्वचित लागतात. तसे करायचे असेल, तर ॲड मेथडच्या घोषणेत टूमेनीलिसनर्सएक्सेप्शन जाहीर करावे. ते दिसले की साधनांना आणि वाचणाऱ्याला सोर्स एकाच श्रोत्याचा आहे हे कळते. मात्र अगदी ठोस कारण असल्याखेरीज या वाटेला जाऊ नये. आज एकच पडदा आहे म्हणून एकच लिसनर ठेवला, आणि उद्या दुसऱ्या खोलीत पडदा लावायचा ठरले, की घोषणा बदलावी लागते.

तोच लिसनर दोनदा नोंदवला तर काय व्हावे, हे दस्तऐवजात स्पष्ट लिहावे, कारण निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे नियम आहेत. जावातील प्रॉपर्टीचेंजसपोर्ट हा लिसनरांची यादी सांभाळणारा क्लास तोच लिसनर जितक्या वेळा जोडला तितक्या वेळा त्याला बोलावतो, आणि नल दिला तर एक्सेप्शन न टाकता काहीच करत नाही. ब्राउझरमधील ॲडइव्हेंटलिसनर ही मेथड मात्र तोच प्रकार, तेच फंक्शन आणि तीच कॅप्चरची निवड पुन्हा आली, तर दुसरी नोंद गाळून टाकते. मागाच्या बाबतीत दुसरा नियम बरा, कारण अहवालात थांबल्याची एकच घटना दोनदा चढणे कोणालाही नको असते.

बातमी पोहोचवताना

लिसनरांची यादी साध्या ॲरेलिस्टमध्ये ठेवली आणि बातमी देत असतानाच एखाद्या लिसनरने स्वतःची नोंद काढली, तर बहुतेक वेळा कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन येते, आणि कधी तेही न येता पुढच्या लिसनरला गुपचूप वगळले जाते. यावर दोन उपाय आहेत: बातमी देण्याआधी यादीची प्रत काढून त्या प्रतीवर फिरावे, किंवा कॉपीऑनराइटॲरेलिस्ट वापरावी. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक नोंदणीला आतील पूर्ण ॲरेची नवी प्रत बनते, म्हणून सतत बदलणाऱ्या मोठ्या यादीसाठी ती महाग पडते. परंतु लिसनर थोडे असतात, ते क्वचित बदलतात आणि बातम्या वारंवार जातात, त्यामुळे येथे ती चपखल बसते. दोन्ही उपायांत एक परिणाम स्वीकारावा लागतो: नोंद काढल्यानंतरही, आधीच निघालेली एखादी बातमी त्या लिसनरपर्यंत येऊ शकते. लिसनर लिहिणाऱ्याने ती सहन करण्याची तयारी ठेवावी.

लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला, म्हणजे कामाच्या एकाच प्रवाहाला, आत सोडणारे कुलूप) धरून ठेवून लिसनरला कधीही बोलावू नये. लिसनरच्या आत कोणाचे कोड आहे हे सोर्सला माहीत नसते. ते दुसरे लॉक मागू शकते, आणि तेच लॉक धरलेला दुसरा थ्रेड मागाच्या लॉकची वाट पाहत असेल, तर दोघेही कायमचे अडकतात. लॉकमध्ये असताना स्थिती बदलावी, यादीची प्रत घ्यावी, लॉक सोडावे आणि मगच बातमी द्यावी. स्थिती आधी बदलणेही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण 'माग थांबला' ऐकून लिसनरने मागाला विचारले आणि उत्तर 'चालू आहे' असे आले, तर त्याने विश्वास कशावर ठेवावा?

एका लिसनरने एक्सेप्शन टाकले म्हणून बाकीच्यांची बातमी अडू नये. प्रत्येक लिसनरची हाक स्वतंत्र ट्राय-कॅचमध्ये ठेवावी, एक्सेप्शन पूर्ण तपशिलासह लॉगमध्ये लिहावे आणि पुढच्याकडे जावे. मोबाइल संदेशाचे नेटवर्क बंद पडले, म्हणून विणकराचा दिवा लागला नाही, असे घडता कामा नये.

कोणत्या थ्रेडवर बातमी येईल, तेही दस्तऐवजात लिहावे. मागाचे सेन्सर वाचणारा थ्रेड वेगळा असतो आणि स्विंगचा (जावाच्या पडदे बनवण्याच्या दुसऱ्या लायब्ररीचा) पडदा फक्त त्याच्या इव्हेंट डिस्पॅच थ्रेडवरून बदलायचा असतो. म्हणून पडद्याच्या लिसनरने आपले काम इन्व्होकलेटर या मेथडकडे सोपवावे. ही जबाबदारी पडद्याची आहे, मागाची नाही. क्रमाचे वचन मात्र कोणीच देऊ नये. प्रत्यक्षात स्विंगचे कंपोनंट इव्हेंटलिसनरलिस्ट शेवटाकडून सुरुवातीकडे वाचतात, त्यामुळे आधी नोंदवलेल्याला आधी बातमी मिळेल या समजुतीवर लिहिलेले कोड तेथे कोलमडते.

नोंद काढण्याची जबाबदारी

आता सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळू. मुकादमाच्या खोलीतील पडदा प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला नवा उघडला जातो आणि पाळी संपली की बंद केला जातो, असे समजू. उघडताना तो सर्व मागांकडे नोंद करतो, पण बंद होताना ती काढत नाही. मागाच्या यादीत त्या बंद पडद्याचा पक्का रेफरन्स शिल्लक राहतो, म्हणून गार्बेज कलेक्टर (न वापरलेली मेमरी मोकळी करणारी यंत्रणा) त्याला उचलू शकत नाही. पुढच्या पाळीत दुसरा पडदा येतो, त्यानंतर तिसरा. काही दिवसांनी एक धागा तुटला की इशाऱ्याची घंटा एकामागून एक अनेकदा वाजते, मेमरी हळूहळू भरत जाते आणि प्रोग्रॅम मंदावतो. सोर्स दीर्घकाळ जगणारा आणि लिसनर अल्पकाळ जगणारा असला, की हा धोका हमखास असतो.

त्यामुळे नियम असा ठेवावा की जेथे ॲड लिहिले तेथेच, दुसरी कोणतीही ओळ लिहिण्याआधी, त्याचे रिमूव्ह लिहावे, आणि दोन्ही आयुष्याच्या जुळणाऱ्या टप्प्यांवर ठेवावेत: उघडताना ॲड, तर बंद होताना रिमूव्ह. कन्स्ट्रक्टरमध्ये स्वतःची नोंद करू नये. ऑब्जेक्ट अर्धवट तयार असतानाच दुसऱ्या थ्रेडवरून बातमी येऊन त्याची रिकामी क्षेत्रे वाचली जाऊ शकतात.

लॅम्डा वापरणाऱ्यांनी येथे विशेष जपावे. ॲडला एक लॅम्डा दिला आणि रिमूव्हला अक्षरशः तोच मजकूर पुन्हा लिहून दिला, तरी जावाच्या दृष्टीने ती दोन वेगळी ऑब्जेक्ट असतात. नोंद निघत नाही आणि कोणतीही त्रुटी दिसत नाही. मेथड रेफरन्सचेही असेच. लॅम्डा फायनल क्षेत्रात साठवावा आणि तेच क्षेत्र दोन्ही ठिकाणी द्यावे. सी-शार्पमध्ये नावाच्या मेथडपासून बनलेले दोन डेलिगेट (मेथडकडे बोट दाखवणारी ऑब्जेक्ट) लक्ष्य आणि मेथड सारखी असतील तर समान मानले जातात, म्हणून तेथे उणे-बरोबर या चिन्हाने नोंद निघते. ती सवय घेऊन जावाकडे येणाऱ्यांची येथे फसगत होते.

वीक रेफरन्स (कलेक्टरला न अडवणारा रेफरन्स) ठेवून हा प्रश्न आपोआप सुटेल, असे सुचवले जाते. मी ते सहसा टाळतो. लिसनरचा दुसरा कोणताही पक्का रेफरन्स नसेल, तर कलेक्टर त्याला हव्या त्या क्षणी उचलतो, आणि दिवा लागणे एके दिवशी अचानक थांबते. चूक कोणत्या ओळीत आहे, ते मात्र कोठेच दिसत नाही. त्यापेक्षा ॲडने एक पावती परत करावी आणि ती बंद केली की नोंद निघावी, ही रचना भरवशाची आहे. मायक्रोसॉफ्टच्या कॉम या कंपोनंट पद्धतीत असेच आहे: ॲडव्हाइज ही मेथड कुकी नावाचा एक आकडा देते आणि तोच आकडा अनॲडव्हाइजला द्यावा लागतो. ब्राउझरमध्ये नोंदणीच्या वेळी ॲबॉर्टसिग्नल देता येतो, आणि एकदा ॲबॉर्ट म्हटले की त्या सिग्नलने जोडलेल्या सर्व नोंदी एकदम निघतात. जावाबीन्सच्या जोडीसोबतच ऑटोक्लोजेबल (बंद करता येणारे ऑब्जेक्ट) परत करणारी एक जास्तीची मेथड दिली, तर साधने आणि माणसे दोघांचीही सोय होते.

उशिरा नोंदणी करणाऱ्याची एक वेगळी अडचण आहे. पडदा उघडण्याआधीच माग थांबलेला असेल, तर 'थांबला' ही बातमी त्याच्यापर्यंत कधीच येणार नाही. म्हणून पडद्याने आधी नोंद करावी आणि नंतर मागाची चालू स्थिती विचारावी. क्रम उलटा ठेवला, तर स्थिती विचारणे आणि नोंद होणे यांच्यातील फटीत घडलेली घटना निसटते. योग्य क्रमात एखादी घटना दोनदा कळू शकते, पण चौकोन दोनदा लाल केल्याने काही बिघडत नाही. अहवालाने मात्र घटनेची वेळ पाहून दुसरी नोंद गाळावी.

इतर चौकटींतील घोषणा

कॉममध्ये आयडीएल फाइल (इंटरफेसचे वर्णन करणारी फाइल) असते, तिच्यातील कोक्लासच्या, म्हणजे कंपोनंटच्या घोषणेच्या, आत इंटरफेसला सोर्स ही खूण लावतात. त्याचा अर्थ असा की इंटरफेस कंपोनंट जाहीर करते, पण तो इम्प्लिमेंट ग्राहक करतो. ओएमजी या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या कॉर्बा कंपोनंट मॉडेलमध्ये एमिट्स म्हणजे एकच ऐकणारा, पब्लिशेस म्हणजे अनेक, आणि कन्झ्यूम्स म्हणजे ऐकण्याची तयारी, असे तिन्ही शब्द घोषणेतच लिहावे लागतात. वाचणाऱ्याच्या दृष्टीने ही सर्वांत स्पष्ट पद्धत आहे. सेन्सरच्या छोट्या यंत्रांसाठी वापरल्या जाणाऱ्या नेसी या भाषेमध्ये एकाच इंटरफेसमध्ये कमांड आणि इव्हेंट दोन्ही असतात: इंटरफेस देणारा कमांड लिहितो, वापरणारा इव्हेंट लिहितो, आणि जोडणी कंपाइल होतानाच ठरते, त्यामुळे चालू असताना नोंद विसरण्याचा प्रश्नच येत नाही. ओएसजीआय या जावाच्या चौकटीच्या व्हाइटबोर्ड पद्धतीत लिसनर सोर्सकडे न जाता सर्व्हिस रजिस्ट्रीत (सर्वांच्या सामाईक नोंदवहीत) आपली नोंद करतो आणि सोर्स तेथून यादी घेतो.

जावातील जुने ऑब्झर्व्हर आणि ऑब्झर्व्हेबल मात्र नव्या कामात घेऊ नयेत. २०१७ मध्ये आलेल्या जावा ९ मध्ये ते डेप्रिकेट झाले आहेत, म्हणजे पुढे वापरू नयेत असे जाहीर झाले आहे. ऑब्झर्व्हेबल हा क्लास असल्याने सोर्सला वारशाची एकमेव जागा त्यासाठी खर्चावी लागते, आणि बातमीचा प्रकारही ऑब्जेक्ट एवढाच उरतो.

तपासणी

कंपोनंट कारखान्यात बसवण्याआधी चाचण्या लिहाव्यात. इंट्रोस्पेक्टरला क्लास देऊन त्याच्या इव्हेंट यादीत लूम हे नाव दिसते का, हे पाहिल्यास नावातील चूक लगेच कळते. एक लिसनर मुद्दाम एक्सेप्शन टाकणारा ठेवून त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दोघांनाही बातमी मिळते का, ते पाहावे. बातमी येताच स्वतःची नोंद काढणारा लिसनर ठेवून दुसऱ्या वेळी त्याला हाक जात नाही, याची खात्री करावी. पडद्यासाठीची चाचणी सर्वांत सोपी आहे आणि सर्वांत आधी तीच लिहावी: मागाकडील लिसनरांची संख्या मोजावी, पडदा अनेकदा उघडून बंद करावा आणि संख्या पुन्हा मोजावी. दोन्ही आकडे सारखे आले नाहीत, तर कोठेतरी रिमूव्ह राहिले आहे किंवा त्याला दुसराच लॅम्डा दिला गेला आहे, आणि ते सापडेपर्यंत कंपोनंट कारखान्यात नेऊ नये.